मयताला नाव हवं

सिनेमातली गर्दी मुकी असते. लग्नाच्या मांडवात, बाजारात, मोर्चात मागे जी माणसं बोलताना दिसतात, ती नुसते ओठ हलवत असतात. पुढच्या दोघांचे संवाद स्वच्छ यावेत म्हणून मागच्या सगळ्यांना गप्प राहायला सांगितलेलं असतं. त्यांचा आवाज नंतर दुसरं कुणीतरी देतं. ते दुसरं कुणीतरी म्हणजे आम्ही.

प्रभादेवीच्या एका गल्लीत, जिथे पूर्वी पिठाची गिरणी होती, तिथे आता एक छोटा स्टुडिओ आहे. भिंतींना जाड कापड, मध्ये माईक, समोर पडदा, काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट. माईकभोवती आम्ही आठ-दहा जण उभे राहतो आणि पडद्यावरच्या दोनशे माणसांना आवाज देतो. माणसं गोळा करणं हे माझं काम. गर्दी काय पुटपुटते ते लिहून देणं हेही माझंच. हे लिखाण कुणाला नीट ऐकू येत नाही, पण खोटं लिहिलं तर प्रेक्षकाला कुठेतरी खुपतं. शोकसभेचा प्रसंग असेल तर नुसतं 'फार वाईट झालं' लिहून भागत नाही. 'मुलगा निघालाय का तिकडून?', 'गाडी कुठे लावलीत?' आणि 'चहा घेऊनच निघालो होतो' हेही लिहावं लागतं. दुःखाच्या जागी माणसं खरोखर काय बोलतात, हे ऐकत हिंडणं हा माझा धंदा आहे.

मी डिलाईल रोडच्या चाळीत वाढले. आमच्या पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत. आजोबांनी लिहिलेली, बाबांनी गिरणीच्या फाटकावर वाटलेली. मी वाचायला शिकले ती त्यांच्यावर. म्हणून शाळेतल्या माझ्या 'माझी मांजर' या निबंधाची सुरुवात 'बंधूंनो आणि भगिनींनो' अशी झाली आणि शेवटी मांजरीच्या मागण्या आल्या. गुरुजी हसले. बाबांनी निबंध भिंतीवर लावला. घराने मला एक गोष्ट दिली: ज्याचं ऐकू येत नाही त्याच्या बाजूने बोल. स्टुडिओत आल्यावर मी दारामागे स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं, 'आवाज ज्याचा, हक्क त्याचा.' कुणाचाही आवाज त्याला न विचारता दुसऱ्या सिनेमात वापरायचा नाही, हा नियम मी भांडून करून घेतला. तेव्हापासून लालबागचे परब मला 'पत्रकबाई' म्हणतात.

परब म्हणजे आमचे हाणामारीचे आणि जनावरांचे आवाज. मिशीवाला, मोठ्या छातीचा माणूस. त्यांनीच मला या धंद्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट शिकवली. एका मालिकेत शेजारच्या खोलीतून बायकांच्या रडण्याचा आवाज हवा होता. त्या दिवशी कुणाला रडू येईना. परब म्हणाले, "पत्रकबाई, परवाचा हसण्याचा ट्रॅक काढा. लांबून लावा, दार बंद असल्यासारखा." बायकांना विचारून आम्ही तसं केलं. डोहाळजेवणात खिदळणाऱ्या बायका भिंतीपलीकडे ओक्साबोक्शी रडत होत्या.

"हसणाऱ्याचो नि रडणाऱ्याचो, श्वास एकाच जागी अडकता गो दोघांचो," परब म्हणाले. "जवळसून फरक कळता. मध्ये दार इला, की संपला."

हे मी तेव्हा हातचलाखी म्हणून ऐकलं होतं.

आता त्या सिनेमाबद्दल. नाव सांगत नाही, कारण मला त्या सिनेमाची जाहिरातही करायची नाही आणि बदनामीही. वेगळ्या वळणाचा विनोदी सिनेमा, असं त्याला म्हणत होते. दिग्दर्शक कौस्तुभ हा दादरचा, माझ्याच वयाचा, इतका सभ्य की दिव्याचं बटण दाबण्याआधी "दाबू का?" असं विचारणारा. गोष्ट अशी: दादरची एक सोसायटी, नोटीसबोर्डावर नियमच नियम. तिथला एक मध्यमवयीन रहिवासी वारतो. हॉलमध्ये शोकसभा भरते. पांढऱ्या खुर्च्या, उदबत्ती, हळू आवाजातली दोन भाषणं. आणि मयताची म्हातारी आई, जी आजवर कधी मोठ्याने बोललेलीही नाही, अचानक हंबरडा फोडते. तो ऐकून वरच्या बाल्कनीतले उंची कुत्रे सूर धरतात. मग चेअरमनसाहेबही तोंड वर करून विव्हळतात. त्या दिवसापासून सोसायटीतली एकेक व्यक्ती सभ्यपणा टाकत जाते. निवृत्त अधिकारी जिन्यात वास घेत फिरतात, एक प्राध्यापिका पार्किंगच्या जागेवर बसून गुरगुरते, आणि शेवटी वार्षिक सभेत सगळे अहवाल फाडून त्यावरच जेवायला बसतात.

"माणूस सभ्य का असतो, माहितीये?" कौस्तुभने मला पहिल्या भेटीत विचारलं. "शेजारी असतात म्हणून."

मी हसायचं नाही असं ठरवून गेले होते. हसले.

पण असल्या सिनेमांशी माझं जुनं भांडण आहे आणि ते मी इथे मांडणार. हे सिनेमे म्हणतात, माणसाने सभ्यतेचा सदरा घातलाय, तो काढला की आत जनावर आहे. ठीक. पण ते जनावर पडद्यावर दाखवायची वेळ आली की हे लोक ते कुठून आणतात? आमच्याकडून आणतात. मासळीबाजारातून, चाळीच्या नळावरून. साहेबाच्या आतलं जनावर बोलायला लागलं की त्याच्या तोंडी आमची भाषा येते. आम्ही सदरा काढलेले साहेब नाही. आम्ही आमचा सदरा घालूनच मोठ्याने बोलतो! कौस्तुभच्या संहितेत त्या हंबरड्यापुढे कंसात लिहिलं होतं: 'कोळीवाडा टाईप ओरडणं.' मी त्यावर लाल पेनाने काट मारली आणि त्याच्यासमोर ठेवली. तो कानापर्यंत लाल झाला. "सॉरी. खरंच सॉरी. हे मी नीट विचार न करता लिहिलं," म्हणाला. माझ्याकडे आणखी पुष्कळ मुद्दे तयार होते. समोरच्याने पहिल्याच मुद्द्याला माफी मागितली की आमच्यासारख्यांची मोठी पंचाईत होते.

आधी आम्ही सिनेमातलं शेवटचं जेवण केलं. सोसायटीतली सभ्य माणसं हळूहळू ओरपायला, फुरकायला, मिटक्या मारायला लागतात, त्याचा आवाज. भाताची पातेली आली, आमटी आली. परबांनी असा भुरका मारला की रेकॉर्डिस्टने कानावरचा हेडफोन काढला. पण गिरगावच्या नलूकाकू नुसत्या ताट धरून उभ्या.

नलूकाकू एका कचेरीत टायपिस्ट होत्या, निवृत्तीनंतर आमच्याकडे आल्या. नेसण्यात, बोलण्यात, पर्स बंद करण्यातसुद्धा टापटीप. त्यांचं खास काम म्हणजे सभ्य हळहळ. त्यांच्यासारखं 'अरेरे' या शहरात कुणाला म्हणता येत नाही. ना कमी, ना जास्त.

"काकू, तोंड उघडं ठेवून चावा," मी म्हटलं.

"नाही गं जमत. आईने एवढं मारलंय त्याच्यासाठी."

"आई आता बघत नाहीये."

"तुम्ही सगळे बघताय ना."

शेवटी त्या भिंतीकडे तोंड करून, पाठमोऱ्या, माईकही तिकडे वळवून घेऊन जेवल्या. त्यांचा आवाज सगळ्यांत छान आला. जेवण संपल्यावर त्यांनी पदराने तोंड पुसलं आणि कुणाकडे न बघता हात धुवायला गेल्या. परबांनी एरवी टोमणा मारला असता. या वेळी मारला नाही. आदल्या वर्षी काकूंचा एकुलता मुलगा, अजित, गेला होता. आजारपणात गेला, हळूहळू. काकू दिवसकार्य आटोपून पुन्हा कामावर आल्या तेव्हा आम्ही त्यांना भेटलो ते 'सांभाळा स्वतःला' म्हणूनच. मीही तेच म्हटलं. त्यांनी आम्हाला पेढ्याच्या खोक्यात घालून आणलेल्या लिमलेटच्या गोळ्या वाटल्या होत्या आणि विचारलं होतं, "आज कुठला सीन आहे?"

मग हंबरड्याचा दिवस आला. चित्रीकरणाच्या वेळी शेजारी टॉवरचं काम चालू होतं, त्यामुळे तिथला आवाज वापरण्यासारखा नव्हता. आईचं काम करणाऱ्या वृद्ध अभिनेत्रीने पुन्हा देऊन पाहिला, पण तिचं रडणं मालिकेतलं वाटत होतं. कौस्तुभला खरं हवं होतं. माझ्या माहितीत खरं येणारी एकच बाई होती. वरळी कोळीवाड्याच्या हिराबाय. बाजाराचा प्रसंग असला की त्या आमच्याकडे येत, मासळीची पाटी स्टुडिओच्या पायरीवर ओल्या गोणपाटाखाली झाकून ठेवत. कोळीवाड्यात कुठेही मयत झालं तर हेल काढायला त्यांना बोलावतात, हे मला त्यांच्याच तोंडून कळलं होतं. हेल म्हणजे मेलेल्याला हाक मारून, त्याच्या आठवणी सांगत, सुरात रडणं. एकीने उचलायचं, बाकीच्यांनी झेलायचं.

मला त्याच हव्या होत्या, आणि त्याचीच लाजही वाटत होती. ज्या कंसावर मी काट मारली, त्याच कंसातलं काम मी हिराबायना सांगत होते. म्हणून मी त्यांना संहितेतली ती ओळही सांगितली. त्यांनी खांदे उडवले.

"ओरडते तं हाय मी, पोरी. त्यात काय खोटा लिवला त्याने? पन ता मासली इकायला. हेल येगला." मग त्या पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मेलाय कोन?"

"सिनेमातला एक माणूस," कौस्तुभ म्हणाला.

"त्याचा नाव काय?"

कौस्तुभने संहिता चाळली. मला आधीच ठाऊक होतं. संहितेत सगळीकडे फक्त 'मयत' लिहिलं होतं.

"नाव... ठेवलं नाही आम्ही. लागलंच नाही कुठे."

"मंग कोनाला हाक मारू? बिननावाचा हेल काढत नाय. जवल जो उभा असल, त्याला ती हाक लागते." त्या पदर खोचत उठल्याच. "मी नाय करनार. बाजारातला काय पन सांग, करते."

"मावशी, एखादं नाव ठेवू या आपण. पटकन," कौस्तुभ म्हणाला.

"तू पोराचा नाव ठेवतोस का मेलेल्याचा? जिवंत मानसाचा नाव आला तं? या गल्लीत इचारून येतोस घराघरात?"

परब हसले, पण त्यांनीही नकळत माईकपासून एक पाऊल मागे घेतलं. मी पाहिलं. काम रद्द करायचं म्हणून मी कागद गोळा करायला लागले.

"माझ्याकडे नाव आहे," नलूकाकू म्हणाल्या.

त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर, मांडीवर पर्स घेऊन बसल्या होत्या. आवाज नेहमीचा, 'अरेरे'च्या पट्टीतला.

"अजित. माझा मुलगा. गेल्या वर्षी गेला. हिराबाय, एवढे दिवस झाले, आता चालतं का? की शिळं झालं म्हणायचं?"

हिराबाय त्यांच्याकडे बघत राहिल्या. "रडा म्हंजे काय मासली हाय, शिला व्हायला? तवा नाय रडलीस?"

"तेव्हा माणसं होती घरात."

"मानसा असतातच की मयताच्या घरात."

"आमच्याकडे असली की रडत नाहीत," नलूकाकू म्हणाल्या.

मी मध्ये पडले. पडणारच. म्हटलं, काकू, हा विनोदी सिनेमा आहे, इथे हे नको, तुम्हाला कुणी भरीस घालत नाहीये, नियम आहे आपला. काकूंनी पर्स माझ्या हातात दिली. "हे धर जरा, मुक्ता," म्हणाल्या आणि माईकपाशी गेल्या. हिराबाय त्यांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर म्हातारी पांढऱ्या खुर्चीतून उठत होती.

नलूकाकूंनी हाक मारली, "अजित."

जेवायला बोलावल्यासारखी. गॅलरीतून, शेजाऱ्यांची झोपमोड होऊ नये अशी.

"आगो, तो काय जिन्यात उभा हाय?" हिराबाय म्हणाल्या. "लांब गेलाय तो. होडी दिसत पन नाय. मार हाक."

"अजित रे."

"आजून."

पुढचं नीट लिहिता येईल असं मला वाटत नाही. आवाज पोटातून आला हे खरं, पण आधी तो कुठेतरी अडला, दोनदा, आणि काकूंनी आपल्याच तोंडावर हात ठेवला. हिराबायनी तो हात धरून खाली केला आणि सोडला नाही. मग आलं ते. मी गर्दीचे आवाज गोळा करणारी बाई, मला तो आवाज कुठल्या खान्यात ठेवायचा ते कळेना. त्यात शब्द होते. दुधावरची साय काढून टाकायचास रे. चष्म्याची पेटी खिडकीत तशीच आहे रे. आणि मग एकच वाक्य, पुन्हा पुन्हा, "सगळ्यांना खुर्च्या दिल्या रे मी. तू आत निजलेला, आणि सगळ्यांना बसायला खुर्च्या दिल्या रे मी."

हिराबायनी सूर झेलला. मग परबांनी. पडद्यावर चेअरमन तोंड वर करत होते आणि परबांनी त्याच क्षणी सूर लावला, पण ते पडद्याकडे बघत नव्हते. डोळे मिटलेले होते. सगळ्यांनी झेललं. मी पर्स पोटाशी धरून उभी होते. एवढी भाषणं ठोकणारी मी, माझ्या तोंडून मात्र आवाज निघाला नाही.

थांबल्यावर नलूकाकूंनी पाणी मागितलं. हिराबायनी त्यांचा चेहरा स्वतःच्या पदराने पुसला. पदराला मासळीचा वास होता आणि काकू, ज्या बाजारातून जाताना नाकाला रुमाल लावत, तशाच उभ्या राहिल्या.

काचेपलीकडून कौस्तुभ बाहेर आला. त्याचे डोळे लाल होते. त्याने अर्थातच विचारलं, "काकू, हे वापरू का?"

मी म्हटलं, "नाही."

"तुला नाही विचारलं त्याने," नलूकाकू म्हणाल्या. मग त्याला, "ते कुत्रे आहेत ना त्यानंतर?"

"हो. काढतो मी. लगेच काढतो."

"कशाला? असू देत. पण मध्ये तोडू नकोस. सुरू झालं की संपेपर्यंत ठेव. तेवढं कर."

कौस्तुभने तेवढं केलं, आणि एक गोष्ट न सांगता केली. शोकसभेतल्या फोटोखालची कोरी पट्टी त्याने संगणकावर भरून घेतली. मयताचं नाव अजित झालं.

मला मात्र हे पटलं नाही. आईचं रडणं कुत्र्यांच्या कोरसात घालून तिकिटं विकायची, आणि त्याला विनोद म्हणायचं? माझ्या घरात अशा वेळी एकच गोष्ट करतात. मी पत्रक लिहिलं. 'प्रेक्षक बंधूभगिनींनो, थांबा! तुम्ही ज्या आवाजावर हसणार आहात तो कुणाचा आहे?' अशी सुरुवात. पहिल्या खेळाला दाराशी वाटायचं ठरवलं. काकूंचं नाव कुठेही घातलं नव्हतं, तरी नियमाप्रमाणे त्यांना दाखवायला गिरगावात गेले. काकू गॅलरीत मटार सोलत बसल्या होत्या. त्यांनी चष्मा लावला, पत्रक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं, टायपिस्टच्या नजरेने.

"छान लिहिलंयस. आवेश आहे," त्या म्हणाल्या. "यात 'आम्ही' कोण गं? 'आम्ही हे सहन करणार नाही.' हे आम्ही."

"म्हणजे... आपण सगळे. ज्यांचा आवाज आहे ते."

"आवाज माझा आहे. मला सहन होतंय."

"काकू, लोक हसतील. तुमच्यावर. अजितदादावर."

त्यांनी एक शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. "घरी रडले असते तर गप्प केलं असतं मला. शेजारच्यांनी, जावेनं, तूसुद्धा. पाणी दिलं असतं, पाठीवर हात ठेवला असता, आणि गप्प केलं असतं. थिएटरात कोण करणार? अंधारात बसलेले असतात, तिकीट काढून आलेले. संपेपर्यंत ऐकावंच लागेल त्यांना."

"पण हसतील."

"हसू देत. 'सांभाळा स्वतःला' तर नाही ना म्हणणार?"

त्यांनी पत्रक घडी करून परत दिलं आणि मूठभर मटार हातावर ठेवले. "खा. गोड आहेत."

पत्रकं मात्र छापून झाली होती. पहिल्या खेळाला मी ती पिशवीत घेऊनच गेले. वाटणार नव्हते. पण घरी ठेवूनही जाववेना. परळचं थिएटर बऱ्यापैकी भरलं होतं. नलूकाकू आणि हिराबाय मधल्या रांगेत शेजारी शेजारी, दोघींच्या केसांत अबोली. एकीनेच दोघींसाठी आणली असणार. मी कडेच्या खुर्चीवर. शोकसभा आली. पांढऱ्या खुर्च्या आल्या. मी लिहिलेली सभ्य हळहळ मागे गर्दी पुटपुटत होती, 'मुलगा निघालाय का?', 'गाडी कुठे लावलीत?' त्यावरच लोक खुसखुसले. मग म्हातारी उठली.

"अजित रे."

क्षणभर हॉल दचकला. मग वरच्या बाल्कनीत पहिल्या कुत्र्याने मान उचलली आणि लोक फुटले. हसले. चेअरमननी तोंड वर केलं तेव्हा तर माणसं खुर्चीवर हात आपटत होती. माझ्या मागचा एक जण हसून हसून खोकायला लागला. 'खुर्च्या दिल्या रे मी,' आणि हशा. पुन्हा 'खुर्च्या दिल्या रे मी,' आणि आणखी मोठा हशा. मी नलूकाकूंकडे पाहिलं. त्या ताठ बसल्या होत्या, पडद्याच्या उजेडात, बघत. चेहऱ्यावरून मला काहीच कळलं नाही. मला तिथे बसवेना. पिशवी उचलली आणि बाहेर आले. दार आपोआप मागे मिटलं.

बाहेर लख्ख दुपार होती. दाराशी स्टूल टाकून एक वयस्कर काका बसले होते, तिकिटं फाडणारे. ते एकदम उठले.

"मॅडम, आत काय झालं? कोण गेलं का?"

"का?"

"बायामाणसं रडतायत. बापयमाणसंसुद्धा. ऐका ना."

मी ऐकलं. जाड दार मध्ये होतं. दारापलीकडे एक बाई हाक मारत होती, आणि अख्खं थिएटर ती हाक झेलत होतं. उचलत होतं, खाली ठेवत होतं, पुन्हा उचलत होतं. कितीतरी माणसांचा श्वास एकाच जागी अडकत होता. हे माझं रोजचं काम आहे, तरी मला आधी ऐकू आलं नव्हतं.

"सिनेमा चालू आहे," मी म्हटलं.

"पोस्टरवर तर विनोदी लिहिलंय."

"विनोदीच आहे, काका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे. पुन्हा स्टुलावर ते बसले नाहीत. आतला आवाज थांबेपर्यंत ते दाराशी उभे राहिले. मीही पिशवी खाली ठेवली आणि उभी राहिले.